अळवाखालची ओल

चांगदेव घरत म्हणजे मिठाचा माणूस. उरणच्या बाजूला, खाडीकाठी त्यांचं गाव. बापाचा, आजाचा जन्म मिठागरात गेला आणि चांगदेवचाही निम्म्याहून जास्त तिथंच. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हावर सोडायचं, पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट करायचा, आणि पांढरं धरलं की लाकडी फावड्यानं मीठ ओढून ढीग घालायचे. पायांच्या भेगांत मीठ जाऊन जाऊन शेवटी पायांनाच त्याचं काही वाटेनासं झालं. मग बंदर वाढलं, गोदामं आली, कंटेनरांच्या राशी उभ्या राहिल्या आणि मिठागरावर भराव पडला. चांगदेवनं आपलं लाकडी फावडं तेवढं घरी आणलं आणि पडवीत दोन खिळ्यांवर आडवं टांगून ठेवलं. हे आता कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मिठागर गेलं, पण मीठ काही त्याच्यातून गेलं नाही. दाढ दुखली, लाव मीठ. पाय मुरगळला, मिठाच्या पाण्याचा शेक. सुनेला दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळ. कुंपणाला वाळवी लागली, तरी मीठच. त्याची बायको जनी हसून म्हणायची, "उद्या मी मेले तं माझ्या तोंडात गंगाजळाच्या जागी मीठच घालाल तुम्ही."

"घालीन की," चांगदेव म्हणायचा. "खराब तरी न्हाय व्हनार."

त्यांचा एकुलता एक मुलगा केतन. ट्रेलर चालवता चालवता त्यानं स्वतःचा ट्रान्सपोर्टचा धंदा काढला. नाक्यावर ऑफिस झालं, हेमालीशी लग्न झालं, उलव्याला फ्लॅट झाला. आणि मग आली गाडी. मुंबईच्या कुणा बड्या आसामीची वापरलेली, पण झळझळीत. केतननं ती अंगणात आणून उभी केली तेव्हा चांगदेव तिच्याभोवती बैल बघितल्यासारखा फिरला आणि म्हणाला, "पेट्रोलची का विजेची?"

"दोन्हीची, बाबा. आधी बॅटरीवर चालते, बॅटरी संपली का पेट्रोलवर. बॅटरी आपण घरी प्लगला लावून भरायची."

"म्हंजे दोन पोटांची," जनी म्हणाली. "एक उपाशी राह्यलं तरी दुसऱ्यावर चालेल. चांगली सोय हाय."

आता उलव्याच्या सोसायटीत पार्किंगला प्लग लावायची परवानगी मिळेना. त्यावर बैठका झाल्या, भांडणं झाली, आणि सगळ्या सोसायट्यांत होतं तेच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. तेव्हा केतननं बापाच्या पडवीच्या भिंतीला एक जाड प्लग बसवून घेतला. सकाळी उलव्याहून यायचं, गाडी अंगणात लावून केबल खोचायची, आणि पायी नाक्यावर ऑफिसात जायचं. दुपारी घरी जेवायचं. संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन परत.

जनीचा जीव सुपाएवढा झाला. लग्न झालेला पोरगा रोज दुपारी पानावर बसतो, हे कुठल्या आईच्या नशिबी असतं? सकाळी केबलवरच्या डबीत हिरवा दिवा लागला की ती चुलीकडे वळायची. बोंबलाचं कालवण, भात, तांदळाची भाकरी, आणि पावसाळ्यात अळवाचं फदफदं. तिघं जेवायची, एखादा शब्द बोलायची, की झालं.

गणपतीच्या आधी जनी गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि हॉस्पिटलातून ती घरी आली ती झाकूनच. चांगदेव रडला नाही. माणसं म्हणाली, म्हातारा घट्ट आहे. तेराव्यानंतर पहिल्यांदा केतननं अंगणात गाडी लावली, केबल खोचली आणि ऑफिसला निघून गेला. चांगदेव चुलीपाशी गेला. जन्मात त्यानं कधी भात शिजवला नव्हता. खाली करपला, वर कच्चा राहिला. दुपारी केतन आला, त्यानं तो भात कालवला आणि सगळा खाल्ला. तो दुसऱ्या दिवशीही आला.

मग चांगदेव हळूहळू शिकला. कालवणात मीठ तेवढं जास्त पडायचं, पण केतन काही बोलायचा नाही. म्हातारा सकाळपासून त्या एका जेवणासाठी उठायचा, बाजारात मासळीवालीशी हुज्जत घालायचा, तांदूळ निवडायचा. उरलेला दिवस कसाही गेला तरी चालायचं. पोरगा आपल्यासाठी येतो की विजेसाठी, असं त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं आणि उत्तर न ऐकताच उठून गेला होता. निमित्त कसलं का असेना, पानावर माणूस आहे ना? एवढी एक दुपार सुटली तर आपण ह्या घरात नुसते भिंतीला टेकून बसू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस केतन सहज बोलून गेला, "बाबा, अंगणात केवढा चिखल! बूट पार भरले."

झालं. म्हाताऱ्यानं ते मनात धरलं.

चिखल खरोखरच होता, आणि तो होता जनीच्या अळवामुळं. पडवीच्या कोपऱ्याला, जिथं अर्थिंगचा पाइप जमिनीत गेला होता, तिथं तिनं अळू लावलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं शेवटचं पाणी, सगळं ती रोज तिथंच नेऊन ओतायची. त्यामुळं भर उन्हाळ्यातही तेवढा कोपरा काळा-ओला असायचा आणि अळवाची पानं सुपाएवढी.

आता हा अर्थिंगचा पाइप म्हणजे काय, तर घरातला चुकार करंट माणसाच्या अंगातून न जाता मुकाट जमिनीत जावा म्हणून पुरलेली नळी. घर बांधलं तेव्हा ती रत्नपालनं पुरली होती. रत्नपाल बौद्धवाड्यातला, वीज मंडळात वायरमन, चांगदेवचा शाळेपासूनचा जोडीदार. खड्ड्यात कोळशाबरोबर मीठ घालतात हे कळलं तेव्हा चांगदेवचा आनंद काय विचारता! "बघ रं रत्नपाल, विजेलापण मीठ लागतं!" म्हणून त्यानं गावभर सांगितलं. रत्नपालनं सांगितलं तेवढं मीठ त्यानं घातलं, आणि रत्नपालची पाठ वळल्यावर आणखी घातलं. पुढं दर वर्षी घालत राहिला.

दिवाळी झाली आणि चांगदेवनं गवंडी बोलावला. अळू उपटलं. सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा घातला, कोपऱ्यापर्यंत, घोटून, गुळगुळीत. पाइपाचं तोंड तेवढं झाकणाखाली ठेवलं. आणि झाकण घालण्याआधी खड्ड्यात अख्खं पोतं मीठ ओतलं. "आता जन्माची ददात मिटली," तो गवंड्याला म्हणाला. रत्नपाल त्या वेळी गावात नव्हता, नोकरीतून सुटल्यावर तो रचनाकडे, म्हणजे आपल्या लेकीकडे, बदलापूरला राहायला गेला होता. तो असता तर चार शिव्या देऊन गवंड्याला हाकलला असता. पण नव्हता.

केतन कोबा बघून खूश झाला. "एक नंबर काम केलंस, बाबा!" चांगदेवनं मान हलवली आणि त्या दिवशी पोराच्या पानात दोन तुकड्या जास्त वाढल्या.

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी डबीत हिरव्याऐवजी लाल दिवा लागला.

"बाबा, न्हाय घेत चार्ज."

"न्हाय घेत म्हंजे? काल तं घेत व्हती."

केतननं केबल काढली, फुंकली, पुन्हा खोचली. लाल. गाडी शोरूमला नेली. तिथं कळलं की अशा गाडीत मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटीही असते, आणि ती मेली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. छोटी बॅटरी बदलली. घरी लाल. केबल बदलली. घरी लाल. गाडीतलं सॉफ्टवेअर नवं घातलं. शोरूममध्ये हिरवा, वाटेत एका हॉटेलच्या प्लगवर हिरवा, चांगदेवच्या पडवीत लाल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. शेवटी शोरूमचा माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, अर्थिंग नीट मिळालं नाही तर ही गाडी चार्जच घेत नाही. घराची अर्थिंग बघून घ्या."

हे ऐकून चांगदेव असा काही भडकला, की विचारू नका. "माझ्या घराची अर्थिंग? आरं पोतंभर मीठ घातलंय मी त्यात! सांग त्याला! मीठ खाऊन कुनी बेइमान व्हतं का?" आणि केतन गेल्यावर त्यानं पाइपाचं झाकण उचलून आणखी दोन पसे मीठ आत सोडलं. कोरडंच. मीठ पाण्यातून जन्मतं हे ज्याला आईच्या दुधाबरोबर कळलं होतं, त्याला पाणी मात्र सुचलं नाही. काय म्हणावं याला!

केतन काही दिवस तरीही आला. गाडी पेट्रोलवर चालतच होती. दोन पोटांची ना ती! पण मग सकाळी गाडी थेट ऑफिसासमोरच लागू लागली. नाक्यावर हॉटेल होतं. "बाबा, आज लोडिंग हाय, न्हाय जमणार." "बाबा, आज साहेब येनारेत." मग फोनही येईना. केतन वाईट नव्हता. त्याची वाट बदलली होती एवढंच, आणि बदललेल्या वाटेवर बापाचं घर नव्हतं.

चांगदेव रोज दोघांचा भात टाकायचा. दुसरं पान झाकून ठेवायचा आणि ऊन पडवीच्या पायरीवरून उतरेपर्यंत वाट बघायचा. मग तोच भात रात्री खायचा. त्याला भयंकर एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सवय त्याला नव्हती. जनीला सांगितलं असतं.

एका रविवारी केतन आला आणि म्हणाला, "बाबा, आईचं वर्षश्राद्ध झालं का तू उलव्याला चल. हितं एकटा काय करतोस? ही जागा रोडला लागून हाय, कंटेनर ठेवायला कुनीपन घेईल." तो प्रेमानंच म्हणाला होता. पण चांगदेवच्या डोळ्यांसमोर जनीच्या चुलीवर रचलेले लोखंडी कंटेनर आले. तो "बघू" म्हणाला, आणि केतन गेल्या गेल्या चपला घालून मितेशकडे गेला.

मितेश गावात वायरिंगची कामं करायचा. हुशार, चटपटीत, कुठल्याही कामाला नाही न म्हणणारा. चांगदेव त्याला म्हणाला, "कायपन कर, पन माझ्या प्लगवर ती गाडी चार्ज झाली पायजे."

मितेशनं प्लगची पेटी उघडली, तारा चाचपल्या आणि हसला. "काका, तुमची अर्थिंग मेलेली हाय. नवा खड्डा मारायचा तं हा कोबा फोडावा लागेल."

"कोबा फोडायचा न्हाय. केतनसाठी केलाय."

"मग दुसरी आयडिया हाय." करंट ज्या तारेनं परत जातो ती न्यूट्रल आणि अर्थिंगची तार मितेशनं पेटीतच एकमेकींना जोडून टाकली. गाडीला वाटतं, अर्थिंग मिळाली. तिला फसवायची युक्ती.

"धोका न्हाय ना?" चांगदेवनं विचारलं.

"सगले करतात, काका."

सगळे करतात म्हटल्यावर शहाण्यासुरत्यांचंही तोंड बंद होतं, तिथं चांगदेवचं काय? हिरवा दिवा लागला. म्हाताऱ्यानं स्वतः नाक्यावर जाऊन केतनला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोन पानं मांडली गेली. त्यानं खाडीची कोलंबी आणली होती. केतन बोटं चाटत म्हणाला, "बाबा, आईसारखी झालीय." चांगदेवला वाटलं, बस, आता आणखी काही नको.

वैशाखात हेमाली मसाला करायला आली. दर वर्षी जनी आणि ती मिळून वर्षाचा मसाला करायच्या. यंदा ती एकटीच होती, पण करणार ह्याच अंगणात म्हणाली, सासूबाईंनी शिकवला तिथंच. केतननं गाडी लावली, केबल खोचली, तो ऑफिसात गेला. हेमालीनं कोबा धुवून काढला, कडेच्या सुकल्या भागात चादर टाकून मिरच्या पसरल्या. चांगदेव पडवीत धणे निवडत बसला होता. तेवढ्यात घरातला पंखा थांबला, फ्रिजची घरघरही थांबली.

"लाइट गेली वाटतं, बाबा," हेमाली म्हणाली.

लाइट गेली नव्हती. खांबावर घराच्या न्यूट्रलची तार सुटली होती. घरात आलेल्या करंटला परतायची वाट उरली नव्हती, आणि मितेशच्या त्या जोडामधून तो थेट गाडीच्या पत्र्यावर येऊन बसला होता. पंखा बंद, म्हणजे वीज नाही, असं कुणीही समजेल. डिकीतली दुसरी चादर काढायला हेमाली ओल्या पायांनी गेली आणि तिनं गाडीला हात घातला.

तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. चांगदेवनं वर बघितलं ते तिची सावली का हलत नाही म्हणून. तिचा हात पत्र्याला चिकटला होता आणि डोळे उघडे होते. तो धावला, आणि तिला धरणार एवढ्यात त्याला मिठागरातला विजेचा पंप आठवला. पंपाला चिकटलेल्याला सोडवायला गेलेला त्याचा जोडीदार नामा तिथंच संपला होता. चांगदेव मागं फिरला, खिळ्यांवरचं लाकडी फावडं ओढलं आणि जीव खाऊन तिच्या मनगटावर मारलं. ती मिरच्यांवर कोसळली. तिच्या छातीला कान लावून तो ओरडला, "जने! जने!" सुनेचं नाव त्याला त्या वेळी आठवलं नाही.

हेमाली वाचली. हाताचा तळवा भाजला होता, मनगटाचं हाड फावड्यानं चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, मार बसला म्हणूनच पोरगी जगली. चांगदेव हॉस्पिटलच्या बाहेर कट्ट्यावर बसून होता. आत जायची त्याची हिंमत होत नव्हती. केतन मितेशला भेटून आला तो तांबडालाल होऊन.

"मितेश सांगतो, तूच बोललास त्याला, कायपन कर म्हणून. खरं हाय?"

"व्हय."

"एका गाडीच्या चार्जिंगसाठी? आरं पेट्रोलवर चालते ना ती! चार्ज झाली न्हाय तं काय अडत व्हतं?"

"तुझं न्हाय अडत व्हतं," चांगदेव म्हणाला. "माझं अडत व्हतं. गाडी चार्ज झाली न्हाय, तं तू जेवायला येत न्हाईस."

केतन वळला आणि आत हेमालीकडे निघून गेला.

त्यानं हेमालीला उलव्याला नेलं, गाडी तपासायला शोरूमला टाकली. खांबावरची तार जोडली गेली, मितेशचा तो जोड तोडला गेला आणि पडवीतला प्लग बंद झाला. कुणी आलं नाही. चांगदेवला ते रास्तच वाटलं. ज्या जेवणासाठी आपण पोराचं घर मोडायला निघालो होतो, ते जेवण आपल्याला कशाला मिळावं? त्यानं एकट्यापुरता भात टाकायला सुरुवात केली. मनात ठरवून टाकलं, वर्षश्राद्ध झालं की उलव्याला जायचं आणि एका खोलीत गप्प बसायचं.

बुद्धपौर्णिमेला रत्नपाल गावी आला. झालेलं त्याच्या कानावर आलंच होतं. तो अंगणात शिरला, कोबा बघितला, आणि न बसताच म्हणाला, "चांगदेवा, हे काय थडगं बांधलंस?"

चांगदेव उठला. आत गेला आणि पहार घेऊन आला. रत्नपाल थांब म्हणाला तरी थांबला नाही. केतनसाठी केलेला कोबा त्यानं स्वतःच्या हातानं फोडला, कोपऱ्यातला, ढेकळं उपसून. खाली माती चुलीतल्या राखेसारखी कोरडी. मिठाचे खडे जसेच्या तसे. आणि पाइप हाताला लागला तो तुकड्यातुकड्यांनी, खाऊन खाऊन जाळी झालेला. चांगदेव ते गंजलेले तुकडे तळहातावर घेऊन बघत राहिला.

"मिठानं खाल्लं," रत्नपाल म्हणाला. "तुला तवाच बोललो व्हतो, जास्त घालू नको. अति तिथं माती."

"मग इतकी वर्षं कसा चालला?"

"पाण्यावर. ओल्या जमिनीतच करंट मुरतो, आनि ही जमीन ओली व्हती, म्हणून उरल्यासुरल्या पाइपावर निभावलं. मी वयनीला सांगून ठेवलं व्हतं, ह्या जागेला रोज पाणी घालत जा, ही जागा सुकली का घर सुकलं समज. घालायची ना ती?"

चांगदेवच्या हातातून तुकडे खाली पडले.

"अळवाला घालायची," तो म्हणाला. "तांदळाचं पाणी. रोज. अळवाला घालते असं वाटायचं मला."

"येडा का खुळा तू? पाणी रोज पडतं तं वाया कशाला घालवायचं, म्हणून अळू लावलं तिनं. मलाच बोलली व्हती."

चांगदेव फोडलेल्या कोब्यावर बसला. एवढी वर्षं ती बाई रोज पाणी ओतत होती, आणि आपण तिच्या हातच्या अळवाचं फदफदं खात होतो, पण तिला एकदाही विचारलं नाही, की हे कशाला. ती गेली आणि आपण तिची ओल उपटली, वर दगड घातला, आणि मीठ मीठ करत बसलो. हे सगळं त्याच्या मनात एकदमच आलं. रत्नपाल जवळ बसला आणि त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दोघांनी मिळून नवा खड्डा काढला. नवा पाइप, कोळसा, काळी माती. मीठ घालायचं का, असं रत्नपालनं डोळ्यांनीच विचारलं. चांगदेवनं मान हलवून नाही म्हटलं. शेजारच्या वाडीतून अळवाचे चार कंद आणून त्यानं पाइपाभोवती लावले. गाडी येणार नव्हती, तरी लावले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी चांगदेव चुलीपाशी होता. तांदूळ धुवून आधणात टाकले होते, ते पाणी टोपात तसंच बाजूला ठेवलं होतं. पडवीत चपला वाजल्या.

केतन होता. घामानं भिजलेला, पायी आलेला. चांगदेवची नजर त्याच्यामागं अंगणात गेली. अंगण रिकामं होतं.

"गाडी कुठं हाय?"

"शोरूमलाच हाय अजून. ट्रेलरमधून आलो नाक्यापर्यंत."

"मग आज इकडं कसा?"

"जेवायला," केतन म्हणाला. "गाडी जेवत न्हाय, बाबा. मी जेवतो."

चांगदेवनं दुसरं पान मांडलं. हेमाली कशी आहे, ते त्यानं विचारलं. बरी आहे, केतन म्हणाला, हात हलवते, आणि म्हणते की मसाला अर्धा राहिलाय, तो त्याच अंगणात करायचाय. मग केतनची नजर कोपऱ्याकडे गेली. फोडलेला कोबा, काळी माती, नुकते फुटलेले अळवाचे कोंब. त्यानं बापाकडे बघितलं, आणि चांगदेवनं त्याला रत्नपाल बोलला होता ते सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. मिठाचंही सांगितलं.

केतन म्हणाला, "आई कधी घालायची पाणी?"

"तांदूळ धुतले का."

"धुतलेस आज?"

"धुतले. त्या टोपात हाय."

केतननं टोप उचलला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि कोपऱ्यात जाऊन पाइपाभोवती हळूहळू ओतला. माती ते पाणी पीत होती. चांगदेव दाराच्या चौकटीला धरून उभा होता. जनीला चितेवर ठेवलं तेव्हा तो रडला नव्हता, तेराव्यालाही नाही, हॉस्पिटलच्या कट्ट्यावरही नाही. आता मात्र तो ओक्साबोक्शी रडला, लहान पोरासारखा, जनीचं नाव घेऊन.

केतननं रिकामा टोप खाली ठेवला. बापाच्या दंडाला धरून त्याला आत नेत तो म्हणाला, "चल बाबा, भात वाढ. भूक लागलीय."